बिल न येणारं आजारपण : सार्वत्रिक आरोग्यसेवेचे तुमचे अनुभव

अर्धविराम

ब्रिटनमधल्या मराठी माणसाला एनएचएसबद्दल (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल) विचारलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं. 'देवासारखे धावून आले हो' किंवा 'काही खरं नाही, मरायला टेकल्याशिवाय कोणी ढुंकून बघत नाही'. आमच्या एकाच घरात ही दोन्ही उत्तरं खरी ठरली आहेत, म्हणून हा धागा.

बायकोच्या स्तनात गाठ लागली. जीपीने (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने) तपासून त्याच दिवशी तातडीने पुढे पाठवलं. कॅन्सरचा संशय असेल तर दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने बघायचं, असा तेव्हा इंग्लंडमध्ये दंडक होता. (२०२३ मध्ये तो बदलून '२८ दिवसांत निदान सांगा' असा केला.) मॅमोग्राम, सोनोग्राफी, बायॉप्सी सगळं एकाच खेपेत उरकलं. पुढे केमो, ऑपरेशन, रेडिएशन. एक नर्स आम्हाला नेमून दिली होती आणि तिचा थेट नंबर जवळ होता, त्यामुळे रात्री काहीबाही वाचून घाबरलेली बायको सकाळी तिच्याशी बोलून शांत व्हायची. या सगळ्या काळात पैशाचा विषय निघाला तो एकदाच. त्याच नर्सने एक फॉर्म हातात दिला आणि सांगितलं, कॅन्सरच्या रुग्णांना औषधांवरचं शुल्कही माफ असतं, हा भरून पाठवा.

त्याच सुमारास माझा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. शर्ट घालताना डोळ्यांत पाणी यायचं, कुशीवर झोपता यायचं नाही. फिजिओथेरपीच्या यादीत नाव गेलं आणि ती यादी काही हलेना. फोन केला की 'तुमचं नाव आहे यादीत' एवढंच गोड आवाजात ऐकायला मिळायचं. शेवटी पत्र आलं, तोवर खांदा आपला आपणच सुटायला लागला होता.

तुमच्या देशात कसं आहे? ऐकीव नको, स्वतःचं किंवा घरातलं लिहा. आणि 'आपल्याकडे हे कधी होणार' या विषयाला कृपया वेगळा धागा काढा, नाहीतर इथले सगळे प्रतिसाद त्यावरच खर्ची पडतील.

टिवल्याबावल्या

म्हणजे वेटिंग लिस्ट हाच उपचार! पथ्यपाणी नाही, गोळ्या नाहीत.

(वहिनी आता कशा आहेत?)

अर्धविराम

ठणठणीत. दरवर्षी मॅमोग्राम होतो, तेवढे चार दिवस घरात कोणी फारसं बोलत नाही.

खारूताई

रुमाल टाकून गेले होते, आता सवडीने लिहिते. मी जर्मनीत.

इथे 'फुकट' हा शब्द कोणी वापरत नाही, कारण दर महिन्याच्या पगारपत्रकावर आकडा दिसतो. पगाराच्या १४.६ टक्के, वर प्रत्येक क्रांकनकासं (विमा निधी) स्वतःची थोडी भर घालते. निम्मं कंपनी भरते, निम्मं आपण. हा प्रकार १८८३ पासून चालू आहे, बिस्मार्कच्या काळापासून. मला यातलं आवडतं ते असं की डॉक्टरकडे जाताना कोणाचे उपकार घेतोय असं वाटत नाही. न कमावता घरी असलेला जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत येतात, त्यांचे वेगळे पैसे नाहीत.

बाळंतपणाचा अनुभव सांगते. इथे हेबामे असते, म्हणजे सुईण, पण रीतसर शिकलेली आणि परवाना असलेली. बाळ झाल्यावर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते, पुढेही येत राहते आणि खर्च कासं उचलते. आमच्याकडे मदतीला कोणीच नव्हतं. दूध येईना, बाळ रडून लाल, मीही रडतेय, नवरा गूगल करतोय. अशा घरात ही बाई येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर काटा मांडायची, बाळाचं वजन करायची, माझे टाके बघायची आणि जाताना नवऱ्याला कामाला लावून जायची. नोबेल द्यावं अशा बायका आहेत. फक्त मोठ्या शहरांत त्या चटकन मिळत नाहीत, तेव्हा दिवस गेल्याचं कळलं की लगेच शोधायला लागा.

आता दुसरी बाजू. त्वचेवर एक डाग वाढत होता म्हणून स्किनच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत फोन करत सुटले. पलीकडून पहिला प्रश्न, 'विमा सरकारी की खासगी?' सरकारी म्हटलं की तारीख काही महिन्यांनंतरची. खासगीवाल्यांना त्याच आठवड्यातली मिळते. देशातले दहातले नऊ जण सरकारीत आहेत, आणि तरी हे असं. शेवटी ११६११७ या नंबरावरून मिळाली. आपल्या डॉक्टरने तातडीचा कोड घालून चिठ्ठी दिली असेल तर ते लोक चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून देतात. मात्र डॉक्टर कोण आणि दवाखाना कुठे, हे ते ठरवतात.

आयटीतल्या नव्या मुलांना हात जोडून सांगणं : पगार सरकारी विम्याच्या सक्तीच्या मर्यादेवर गेला की एजंट मागे लागतात, 'खासगी विमा घ्या, स्वस्त पडतो'. तरुणपणी पडतोच स्वस्त. पण तिथे बायको-मुलांचा प्रत्येकाचा वेगळा हप्ता, वय वाढेल तसे हप्ते चढणार आणि पंचावन्न वर्षांनंतर सरकारी निधीत परतायचं दार जवळजवळ बंद.

शहामृग

कॅनडा, ओंटारियो. त्याआधी काही वर्षं अमेरिका, त्यामुळे माझी तुलना तिच्याशी होणार हे आधीच कबूल.

मध्यरात्री पोटात कळ आली. अमेरिकेच्या सवयीने बायको आधी लॅपटॉप उघडून बसली, कुठलं हॉस्पिटल 'नेटवर्क'मध्ये आहे ते बघायला. मग आम्हाला दोघांनाही आठवलं की इथे ते काही नसतं. इमर्जन्सीत हेल्थ कार्ड दाखवलं, नर्सने बघितलं आणि बसवून ठेवलं. पुष्कळ तास. माझ्या आधी आलेला एकजण हात मोडून बसला होता, माझ्यानंतर आलेल्या म्हाताऱ्या बाईंना छातीत दुखत होतं म्हणून थेट आत नेलं. सीटी स्कॅन झाल्यावर मात्र चक्रं भराभर फिरली. अपेंडिक्स निघालं. घरी जाताना कुठे सही करायची विचारलं, तर नर्सला प्रश्नच कळला नाही.

मग फार्मसीत गेलो आणि तिथे बिल आलं! ही कॅनडाची गंमत आहे. हॉस्पिटलच्या खाटेवर असेपर्यंत औषध सरकारचं, बाहेर पडलं की तेच औषध आपलं. १९८४ चा कॅनडा हेल्थ अॅक्ट डॉक्टर आणि रुग्णालय यांची हमी देतो. घरी घ्यायची औषधं, दात, चष्मा हे बऱ्याच जणांना नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर काढावं लागतं, आणि नोकरी गेली की तेही गेलं. दातांसाठी कमी उत्पन्नवाल्यांना आता केंद्राची योजना आली आहे, हळूहळू लोक त्यात येतायत.

खरं दुखणं वेगळंच आहे : फॅमिली डॉक्टर. देशभरात सुमारे ६० लाख प्रौढांना तो नाही. आम्हीही बरेच दिवस नव्हतो कोणाच्या यादीत. वॉक-इन क्लिनिकला जायचं, दर वेळी नवा डॉक्टर आणि दर वेळी पहिल्यापासून रामायण. ताप-खोकल्याला चालतं हे. बायकोच्या थायरॉइडचं मात्र कोणी सलग बघतच नव्हतं. गोळी कोणी वाढवली आणि का वाढवली, हे तिने स्वतः वहीत लिहून ठेवायचं.

अवांतर : ज्यांना कॅनडाच्या या व्यवस्थेचं जनक म्हणतात, त्या टॉमी डग्लस यांना लहानपणी पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता. पाय कापायची वेळ आली होती. एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवायला केस म्हणून फुकट ऑपरेशन केलं आणि पाय वाचला. आपला पाय निव्वळ नशिबावर वाचला हे त्यांच्या डोक्यात बसलं. पुढे ते सस्कॅचेवानचे मुख्यमंत्री झाले. त्यांनी आखलेली योजना १ जुलै १९६२ ला लागू झाली, आणि त्याच दिवशी तिथले डॉक्टर संपावर गेले. तेवीस दिवस.

घासाघीस

सगळे भावुक झालेत, तर जरा विरजण घालतो.

फुकट काही नसतं. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर येणाऱ्याकडून आरोग्य अधिभार म्हणून दर प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आधीच कापून घेतात, व्हिसा जेवढ्या वर्षांचा तेवढ्या वर्षांचे एकदम. वर पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स आहेच. म्हणजे परदेशी माणूस एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देतो. इंग्लंडमध्ये औषधाला दर नगामागे ९.९० पौंड. (स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये शून्य.) एनएचएसचा दंतवैद्य शोधून दाखवा, मी सत्कार करतो.

रांग हीसुद्धा किंमतच आहे, फक्त ती पैशात मोजत नाहीत. माझ्या भावाला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्याचं काम वजन उचलायचं. ऑपरेशन होईपर्यंत त्याने हलकं काम धरलं, पगार घटला. ते नुकसान कुठल्या सरकारी हिशेबात दिसतं?

मोरपिशी

मी इंग्लंडमध्ये जीपी आहे. इतके दिवस नुसती वाचत होते, घासाघीस यांच्या प्रतिसादामुळे लिहायला बसले.

रांग ही किंमत आहे, शंभर टक्के मान्य. पण अर्धविराम, तुमच्या घरात घडल्या त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तुमच्या बायकोला दोन आठवड्यांत बघितलं गेलं याचं एक कारण हे आहे की तुमच्या खांद्याला थांबवलं गेलं. दुखतं किती यावर नंबर लागत नाही. थांबल्यावर कायमचं किती बिघडेल, यावर लागतो. फ्रोझन शोल्डर भयंकर दुखतो, पण बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत सुटतो. हे मला माहीत आहे आणि यादी लावणाऱ्यालाही. रुग्णासमोर बसून हे सांगायला मात्र जड जातं.

काट मारणं इथे निदान उघडपणे होतं. नवीन औषध एनएचएसने द्यायचं का, हे नाइस नावाची संस्था १९९९ पासून ठरवते. चांगल्या तब्येतीचं एक जादा वर्ष मिळायला किती खर्च येतो असा हिशेब मांडतात, आणि बरीच वर्षं २० ते ३० हजार पौंड ही सर्वसाधारण रेघ होती. निष्ठुर वाटतं ना? मलाही वाटतं, विशेषतः समोर बसलेल्या माणसाला 'ते औषध मिळणार नाही' म्हणताना. पण कारणांसकट कागद सगळ्यांना वाचायला खुला असतो, आणि त्यावर भांडता येतं.

आता कामाचं. आमच्याकडे एका रुग्णाला साधारण दहा मिनिटं असतात. आपली माणसं (प्रेमाने म्हणतेय) आठ मिनिटं सर्दीबद्दल बोलतात आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणतात, 'जाता जाता, शौचातून रक्त पडतंय.' ते पहिलं सांगा हो. आणि 'खूप दुखतं' एवढ्यावर थांबू नका. काय करता येत नाही ते सांगा : जिना चढता येत नाही, रात्री किती वेळा जाग येते, कामावर किती खाडे झाले. पुढच्या पत्रात मला तेच लिहायचं असतं. थांबलेल्या काळात बिघडलं तर परत या, मग तातडी वाढवून मागता येते. बऱ्याच भागांत फिजिओसाठी माझ्याकडे यावंच लागत नाही, स्वतः नाव नोंदवता येतं. इंग्लंडमध्ये पहिल्या भेटीसाठी रुग्णालय निवडायचा हक्कही आहे, आणि एकाच ऑपरेशनची यादी दोन रुग्णालयांत फार वेगवेगळी असू शकते. थोडं लांब जायची तयारी असेल तर विचारा. आम्ही आपणहून सांगायला हवं खरं तर, पण ती दहा मिनिटं...

घासाघीस

ताई, प्रतिसाद आवडला. तरी एक धरून ठेवतो. नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत, निदान ९२ टक्के लोकांचे, हे इंग्लंडचं स्वतःचंच उद्दिष्ट आहे. २०१६ नंतर ते एकदाही गाठलेलं नाही. यादीत ७० लाखांवर प्रकरणं आहेत. थोडं थांबवणं हा वैद्यकीय निर्णय झाला, इतकं थांबवणं म्हणजे खाटा आणि माणसं कमी असल्याची कबुली. त्याला 'गरजेनुसार क्रम' असं शहाणं नाव देऊ नका.

मोरपिशी

यावर वाद नाही. संपाच्या दिवशी आमचे ज्युनियर डॉक्टर फाटकावर उभं राहून हेच सांगत होते.

सांजवेळ

जपानमधून लिहितेय. इथे तुमच्यापेक्षा पार उलटं चित्र आहे.

जीपी वगैरे भानगडच नाही. कान दुखला तर कानाच्या डॉक्टरकडे, गुडघा दुखला तर हाडांच्या, कुणाच्या चिठ्ठीशिवाय, बहुतेकदा त्याच दिवशी. मात्र दर वेळी बिलाच्या ३० टक्के आपण भरायचे, लहान मुलांना आणि वृद्धांना कमी. १९६१ पासून प्रत्येकाला कुठला ना कुठला विमा आहेच. कुठल्या तपासणीचे किती पैसे ते सरकार ठरवतं, दर दोन वर्षांनी बदलतं, आणि गल्लीतला दवाखाना असो की मोठं रुग्णालय, दरपत्रक एकच. त्यामुळे एमआरआयसारखी गोष्टसुद्धा परवडते. यंत्रंही इथे मुबलक आहेत, जगात पहिल्या काही देशांत गणना होते.

हे सगळं इतकं सोपं असल्याने गर्दी. 'तीन तास वाट, तीन मिनिटं तपासणी' असं इथे लोकच म्हणतात. मोठ्या रुग्णालयात चिठ्ठीशिवाय गेलात तर ७,००० येन किंवा जास्त वेगळे द्यावे लागतात, तेही गर्दी आवरायलाच.

नवऱ्याचं मणक्याचं ऑपरेशन झालं. बिलाचे ३० टक्के म्हणजेसुद्धा पोटात गोळा आणणारी रक्कम झाली असती. पण महिन्याला अमुक एका रकमेच्या वर रुग्णाकडून घ्यायचं नाही अशी कमाल मर्यादा असते, ती उत्पन्नावर ठरते. मध्यम पगारवाल्याला साधारण ८०-९० हजार येनच्या आसपास पडते. आणि यातली मेख तिथल्याच एका कारकून बाईंनी कानात सांगितली : मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याला लागते. महिनाअखेरीला दाखल होऊन पुढच्या महिन्यात घरी गेलात तर ती दोनदा भरायची. डॉक्टरांनी चालेल म्हटल्यावर आम्ही एक तारखेनंतरचीच वेळ घेतली.

खारूताईंचं वाचून हेवा वाटला. इथे नैसर्गिक बाळंतपण हा आजार नाही, म्हणून विम्यात नाही! त्याऐवजी ५ लाख येन एकरकमी मिळतात. मोठ्या शहरांत ते पुरतातच असं नाही.

लिंबूटिंबू

ही सगळी श्रीमंत देशांची चैन, असं कोणी म्हणायच्या आत : थायलंडने २००२ मध्ये सगळ्या नागरिकांना कवच दिलं, तेव्हा तो देश काही श्रीमंत नव्हता. एका भेटीला ३० बाथ, त्यातही गरिबांना माफ. मी बँकॉकमध्ये नोकरदार परदेशी, म्हणून त्या योजनेत नाही. आमची सामाजिक सुरक्षा योजना वेगळी, आणि त्यात नोंदवलेल्या एकाच रुग्णालयात जावं लागतं. पण आमच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याचं डायलिसिस त्या ३० बाथवाल्या कार्डावर चालू आहे. मावशी रांगेबद्दल कटकट करतात, डॉक्टर नीट बोलत नाही म्हणतात. शेतजमीन विकायला लागली का, असं मी एकदा विचारलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

पायवाट

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आईबाबा पहिल्यांदाच सहा महिने राहायला येतायत (आम्ही इंग्लंडमध्ये). बाबांना मधुमेह, पूर्वी एक स्टेंट. 'इथे सगळं फुकट आहे, काळजी नको' असं त्यांना भावाने सांगून ठेवलंय. खरंच तसं आहे का?

मोरपिशी

नाही! भावाला आजच फोन करा. 'सार्वत्रिक' म्हणजे इथे रीतसर राहणाऱ्यांसाठी. पाहुण्यांना जीपी फुकट बघू शकतो, इमर्जन्सी विभागातली तपासणीही फुकट. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू, आणि तो एनएचएसच्या दराच्या १५० टक्क्यांनी. जीव धोक्यात असेल तर पैशासाठी उपचार अडत नाहीत, बिल मागाहून येतं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण होऊ शकते.

शहामृग

कॅनडात सुपर व्हिसावर आईवडिलांना आणताना किमान १ लाख डॉलरचा, वर्षभराचा विमा दाखवावाच लागतो. तुमच्याकडे सक्ती नाही म्हणून लोक गाफील राहतात.

खारूताई

शेंगेन व्हिसालाही ३० हजार युरोंचं कवच लागतं. पण पायवाट, नुसता विमा काढू नका. स्टेंट आणि मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा, आणि 'आधीपासूनच्या आजारामुळे उद्भवलेली तातडीची अवस्था' पॉलिसीत आहे का ते वाचा. सासूबाईंच्या वेळी स्वस्तातली पॉलिसी बघत होतो, तिच्यात नेमकं तेच वगळलं होतं. महागडी घेतली.

पायवाट

बापरे. बरं झालं विचारलं. बाबांच्या गोळ्या सहा महिन्यांच्या बरोबर आणल्या तर चालतील का, की इथे लिहून मिळतात?

मोरपिशी

नेहमीचा साठा बरोबरच आणा, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. कस्टम्सला सोपं जातं. प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन असेल तर तेही सामानात टाकू नका, विमानाच्या पोटात गोठू शकतं. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून आणायला सांगा, कारण तिकडचे ब्रँड इथे कोणाला कळत नाहीत. स्टेंट कधी, कुठल्या वाहिनीत घातला त्याचा कागद आणि शेवटचा ईसीजी फोनमध्ये फोटो काढून ठेवा. आणि आल्या आल्या जवळच्या सर्जरीत (म्हणजे जीपीच्या दवाखान्यात) तात्पुरती नोंदणी होते का विचारा. काही ठिकाणी करतात, काही ठिकाणी रिसेप्शनवर नन्नाचा पाढा लावतात.

टिवल्याबावल्या

आणि बाबांना सांगून ठेवा, छातीत दुखलं तर ते 'जाता जाता' सांगायचं नाही.